वरचे दोन ठिपके

काझीपुऱ्याचे कमरुद्दीन मुजावर
येवल्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा
काखेत उशीचा अभ्रा, अभ्र्यात निशाण.
नाशिकपासून ते मांडीवरच होतं,
निफाडला चहालाही उतरले नव्हते.
बरोबर नात, नुझहत, बारावीतली.

"इराणी रेशीम आहे," म्हणाले.
"घोड्यांच्या सौदागरानं पिराला वाहिलं, असं सांगतात."
कोण सांगतं, ते मी विचारलं नाही.
आमच्याकडं तरी काय,
प्रत्येक जुनी पैठणी कोण्या सरदारीणबाईचीच असते.

मागावर मोर मानेपर्यंत आला होता.
त्याला तसाच ठेवला
आणि खाटेवर धुतलेलं धोतर अंथरलं.
आधी कापूर आला, मग ऊद, मग उंदीर.

रंग वाळलेल्या डाळिंबाच्या सालीचा.
जर काळवंडलेली, पण अक्षरं अजून
उंच, ताठ, एकमेकांच्या खांद्यामागून डोकावणारी.
आणि मधोमध भोक. सुपारीएवढं.

भोकाच्या वर दोन ठिपके उरले होते.
घर पडावं
आणि दारावरच्या दोन पणत्या
कुणाला न कळता तेवत राहाव्यात, तसे.

मला ती लिपी येत नाही.
नुझहतनं तिकिटाच्या पाठीवर काढून दाखवलं,
इवलासा दात, दुधाचा असावा असा.
"हा त. शब्द आहे फत्ताह.
उघडणारा. अल्लाचं नाव."
"म्हणजे ताण्यातला त," मी म्हटलं.
ती हसली. मुजावर हसले नाहीत.
"एक ठिपका जादा पडला, तरी अक्षर बदलतं, भाऊ."
"एक धागा जादा पडला, तर आमचा मोर लंगडतो."
तेव्हा कुठं ते टेकले, पाणी प्यायले.

चाळीस वर्षं मी दोन्ही अंगांनी सारखं कापड विणलं.
पैठणीला पाठ नसते.
ह्याला होती.
अस्तर उसवलं
आणि सुटे, लोंबते धागे समोर आले,
घाईत मारलेल्या गाठी,
रंग संपला म्हणून जोडलेला दुसरा, किंचित फिका,
एका जागी चुकलेला वाण, तसाच पुढं रेटलेला.
आत कोणाचा तरी थकलेला मंगळवार होता.

आणि पहिल्या अक्षराच्या पोटाखाली
बाण्याबरोबर विणला गेलेला एक केस.
लांब. काळाच असावा; दिव्यापुढं तांबूस दिसला.
बाईचा की बाप्याचा, कोण जाणे.
दाढीचा नव्हे, एवढं मला कळतं.
चिमट्यात धरला.
सोडला.

सुरतेची जर फार बोलकी.
चहाच्या पाण्यात उकळली, चुलीच्या धुरावर टांगली,
मग ती गप्प झाली.
त्या एका दाताला बावीस वाण लागले,
अठरा दिवस, दोन चष्मे एकावर एक.
माझाही एखादा केस गेला असेल त्यात.
मी पाहत बसलो नाही.

मोहरमच्या नवव्या रात्री काझीपुऱ्यात गेलो.
भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो.
बांबूवर निशाण आलं,
खालून हात, वरून ट्यूबलाइट,
वारा त्याला एक घडीही सरळ राहू देईना.
"तो काय, काका, तुमचा त!"
नुझहत बोट दाखवत होती.
मी मान हलवली.
मला दिसला नव्हता.

मुजावरांनी पैसे मोजून दिले, डब्यात चोंगे दिले,
माझा हात दोन्ही हातांत धरला
आणि काही बोलले नाहीत.

घरी यायला दुपार झाली.
वत्सलेनं डबा उघडला, एक चोंगा मोडला,
अर्धा मला दिला.
"काय लिहिलं होतं हो त्याच्यावर?"
"उघडणारा."
"काय उघडणारा?"
"ते नव्हतं लिहिलेलं," मी म्हटलं,
आणि मोराच्या मानेपाशी जाऊन बसलो.